मुरगळलेला पाय
(ज्ञातिमंडळाच्या पुणतांबा येथील वार्षिक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मेळाव्यात आजवर शिक्षण, विवाहातील खर्च, शेतीस पूरक धंदे, वसतिगृहाची इमारत अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली आहेत. त्यांच्या पंक्तीत बसवण्यासाठी आम्ही 'मुरगळलेला पाय' हा विषय सुचविला, तेव्हा कार्यकारी मंडळातील एक ज्येष्ठ सभासद हसून म्हणाले, "अहो, पाय मुरगळला तर हळद लावायची आणि चार दिवस बसायचे. त्यावर तासभर बोलायचे ते काय?" त्यांचा हा प्रश्नच आमच्या आजच्या व्याख्यानाचे कारण होय. भौतिकोपचाराचा, म्हणजे सर्वजण ज्यास फिजिओथेरपी म्हणतात त्याचा, व्यवसाय आम्ही पुष्कळ वर्षे केला. हळद लावून चार दिवस बसलेले पाय आमच्याकडे चार महिन्यांनी आले, आणि काही तर दहा वर्षांनी आले. ते वेळीच आले असते, तर आज येथे उभे राहून बोलण्याची पाळी आमच्यावर आली नसती.

हा विषय पुणतांब्यास बोलावा हेही योग्यच आहे. येथे चांगदेवांची समाधी आहे. ते योगी वाघावर बसून निघाले आणि त्यांच्या भेटीस भिंत चालत आली, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. वाघ आणि भिंत ही दोन्ही वाहने आपणांस उपलब्ध नसल्यामुळे आपला सारा भार दोन पावलांवर आहे. आणि या पावलांना वाकडे पडण्याची जागा या गावात किती तरी! गोदावरीच्या घाटाच्या झिजलेल्या पायऱ्या पाणी ओसरल्यावर शेवाळाने निसरड्या होतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगांत पाऊल सहज अडकते. ऊस तुटून गेल्यावर उरलेल्या खोडक्या, पाटाच्या कडेचा भुसभुशीत बांध, सरीतून वरंब्यावर चढताना घसरणारी चप्पल, ही तर रोजचीच. २००९ साली येथून शिर्डीस रेल्वेचा फाटा निघाला, तरी पदयात्रेने शिर्डीस जाणाऱ्यांची संख्या काही कमी झालेली दिसत नाही. त्या यात्रेकरूंत पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्याच्या तुटलेल्या कडेवरून पाऊल खाली गेलेले असे आम्ही दरवर्षी पाहतो.

परंतु आमच्या पाहण्यात सर्वांत अधिक पाय मुरगळतात ते डोक्यावर ओझे असलेल्या स्त्रियांचे. वाढ्यांचा भारा किंवा गवताचे ओझे डोक्यावर असले म्हणजे मान ताठ राहते, नजर समोर राहते, आणि आपले पाऊल कोठे पडते ते त्या बाईस दिसतच नाही. एवढ्याशा खड्ड्यात पाऊल गेले, की स्वतःच्या वजनाबरोबर भाऱ्याचेही वजन त्या एका घोट्यावर येते. ती बाई भारा टाकत नाही. लंगडत घरी येते, चूल पेटवते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात जाते. शेतात राबणाऱ्याचा एक दिवस बुडाला तर काय बुडते हे, २०१७ च्या जूनमध्ये जेथून शेतकऱ्यांच्या संपास प्रारंभ झाला, त्या गावास आम्ही सांगावयास नको.

आता पाऊल मुरगळते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. आपल्या घोट्यास दोन बाजूंस दोन उंचवटे आहेत. हात लावून पाहाल तर बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा खाली उतरलेला आढळेल. त्यामुळे पाऊल बाहेर वळण्यास अडथळा होतो आणि आत वळणे सोपे जाते. हाडे एकमेकांस धरून ठेवणारे जे चिवट पट्टे असतात त्यांस अस्थिबंध म्हणतात. आतल्या अंगाचा अस्थिबंध रुंद व बळकट असतो. बाहेरच्या अंगास मात्र तीन वेगवेगळे अरुंद पट्टे असतात, आणि त्यांतील पुढचा पट्टा सर्वांत कमकुवत. आणखी एक गोष्ट अशी की, नडगीच्या खाली जे हाड खोबणीत बसते ते पुढे रुंद व मागे अरुंद असते. टाच टेकलेली असताना ते खोबणीत घट्ट बसते. पण पायरी उतरताना, उडी मारून खाली येताना, चवडा खाली झुकला की त्याचा अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. अशा सैल क्षणी चवडा खाली आणि तळवा आत, असे पाऊल पडले की पुढचा पट्टा ताणतो किंवा फाटतो. चढणीपेक्षा उतरणीवर पाय अधिक मुरगळतात याचे कारण यात आहे.

पट्टा थोडा ताणला तर वेदना व किंचित सूज येते; अर्धवट फाटला तर सूज मोठी येते व काळेनिळे पडते; पुरता तुटला तर सांधा डळमळतो. मात्र सुजेवरून इजेचे माप काढू नये. काही माणसे फार सुजतात व लवकर बरी होतात, तर काहींची सूज नाममात्र असून आत पुष्कळ फाटलेले असते.

यात कारण केवळ खड्डा नव्हे. ज्याचा पाय एकदा मुरगळला त्याचा पुन्हा मुरगळण्याचा संभव फार वाढतो. पोटरी आखडलेली असणे, एका बाजूने झिजलेली चप्पल, दमलेले शरीर, आणि सरावावाचून एकदम खेळास उतरणे ही इतर कारणे. लग्नाच्या वरातीत बारा महिने न हललेले गृहस्थ मध्यरात्री नाचतात आणि सकाळी आमच्या दाराशी असतात, ती गोष्ट वेगळी! खेळांत म्हणाल तर आपल्या मुलांचे दोन्ही आवडते खेळ घोट्याची परीक्षा पाहणारे. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटाच धरला जातो आणि तो सर्व बळ लावून मध्यरेषेकडे झेपावतो. खोखोत पळणाऱ्यास खांबाभोवती वेगाने वळावे लागते, तेव्हा एका पावलाच्या बाहेरच्या कडेवर सारे शरीर तोलले जाते.

घरगुती उपायांविषयी आमचे मत स्पष्ट सांगतो. आंबेहळदीचा कोमट लेप लावण्यास आमची हरकत नाही. त्याने माणूस स्वस्थ बसतो हाही लाभच आहे. परंतु बिब्बा घालू नये. बिब्ब्याने कातडी भाजून फोड आलेले घोटे आम्ही पाहिले आहेत. मूळ दुखणे आठवड्यात हटले असते, तेथे जखम महिनाभर चिघळली. डाग देण्याविषयी तर बोलावयासच नको. पहिल्या दोन-तीन दिवसांत जोराने चोळणे, कढत पाण्याने शेकणे आणि 'शीर चढली आहे' म्हणून पाऊल धरून हिसका देणे, या तीन गोष्टींनी आतला रक्तस्राव व सूज वाढते; आणि हाड मोडलेले असेल तर त्या हिसक्याचे परिणाम काय होतील याची कल्पना करावी. पायाळू माणसाच्या लाथेने उसण जाते असे म्हणतात. ती विद्या घोट्यावर कोणी अजमावू नये, एवढीच विनंती.

मग हाड मोडले आहे की नाही हे कसे ओळखावे? प्रत्येक मुरगळलेल्या पायाचे क्ष-किरण चित्र काढणे परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी काही साधे नियम प्रसिद्ध केले, आणि ते जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या मागच्या कडेवर व टोकावर बोटाने दाबून पाहावे. पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावर जे हाड वर आलेले लागते तेथे, आणि आतल्या कडेस कमानीच्या वरच्या हाडावर दाबून पाहावे. यांपैकी कोठेही हाडावरच तीव्र दुखत असेल, किंवा मुरगळल्यावर लगेच आणि नंतर डॉक्टरांपुढेही चार पावले, लंगडत का होईना, टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र काढून घ्यावे. यांतील काहीच नसेल तर मोड असण्याचा संभव फार थोडा. मात्र पाऊल वाकडे दिसत असेल, बोटे गार किंवा निळी पडली असतील, तर नियम पाहत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे. लहान मुले, वृद्ध माणसे आणि मधुमेहामुळे तळव्याची जाणीव कमी झालेले लोक यांच्या बाबतीत स्वतः निर्णय न घेता डॉक्टरांस दाखवावे.

पहिल्या दिवसांचे उपचार साधे आहेत. पाय उशीवर छातीपेक्षा उंच ठेवावा. लवचिक पट्टी बोटांच्या मुळापासून वर घोट्यापर्यंत बांधावी. ती इतकीच घट्ट असावी की बोटांचा रंग बदलू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावल्यास वेदना कमी होते. या बर्फाचीही एक कथा आहे. अमेरिकेतील डॉ. मर्किन यांनी १९७८ साली विश्रांती, बर्फ, पट्टी व पाय उंच ठेवणे हे सूत्र सांगितले आणि ते सर्व खेळाडूंच्या तोंडी झाले. पुढे स्वतः त्यांनीच सांगितले की, फार बर्फ व फार विश्रांती यांनी बरे होणे लांबते. आपलेच प्रसिद्ध मत बदलण्याचे धैर्य आम्हांस त्या मतापेक्षाही अधिक मोलाचे वाटते. तेव्हा बर्फ वेदनेपुरता, आणि पूर्ण विश्रांती दोन-तीन दिवसांपुरती.

येथून पुढेच खरा भौतिकोपचार सुरू होतो, आणि आपले लोक नेमके येथेच थांबतात. भौतिकोपचार म्हणजे मालिश, असा समज सर्वत्र आहे. त्या समजास इतिहासाचा आधार नाही असेही नाही. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी जी संस्था काढली ती मर्दन करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांचीच होती, आणि तीतूनच त्या देशातील हा व्यवसाय वाढला. आपल्याकडे १९५२ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराची शाळा निघाली, तिच्यामागे पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांचा प्रश्न होता. आज त्यासाठी मुंबईस जाण्याचे कारण नाही. येथून जवळच लोणीस भौतिकोपचाराचे महाविद्यालय आहे.

घोट्याच्या बाबतीत या शास्त्रास एक महत्त्वाची गोष्ट १९६५ साली समजली. इंग्लंडातील फ्रीमन नावाच्या शस्त्रवैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, अस्थिबंध हा केवळ दोर नव्हे. त्यात सूक्ष्म ज्ञानतंतू असतात आणि पाऊल कोणत्या कोनात आहे याची बातमी ते सतत वर पाठवीत असतात. पट्टा फाटला की ही बातमीही तुटते. पट्टा पुढे भरून येतो, सूज जाते, वेदना थांबते. पण बातमी पोचण्यास विलंब होत राहतो. पाऊल वाकडे पडल्याचे कळून पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू त्यास सावरण्यापूर्वीच ते मुरगळून गेलेले असते. 'माझा हा पाय अधूनमधून दगा देतो,' असे जे लोक म्हणतात, त्यांच्या पायाची गोष्ट पुष्कळदा हीच असते. त्यावर औषधाची गोळी नाही. तोल सांभाळण्याचा सराव हाच त्यावरचा उपाय.

हा सराव घरी करता येतो. वेदना सोसेल तसे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बसल्या जागी पायाच्या अंगठ्याने हवेत 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत अक्षरे काढावीत. सर्व दिशांचा व्यायाम आपोआप होतो. पाय टेकता येऊ लागला की भिंतीकडे तोंड करून, टाच न उचलता, गुडघा भिंतीस लावण्याचा प्रयत्न करावा आणि रोज पाऊल भिंतीपासून थोडे मागे न्यावे. आपल्याकडे याचे उत्तम माप आहे: दोन्ही टाचा टेकून पूर्वीसारखे उकिडवे बसता आले म्हणजे घोटा मोकळा झाला. सायकलच्या जुन्या ट्यूबचा फास खाटेच्या पायास बांधून, तो पावलात अडकवून, पाऊल बाहेरच्या अंगास ओढावे. यासाठी दुकानातील रबरी पट्टी विकत घ्यावयास हवी असे नाही. नंतर भिंतीचा आधार घेऊन चवड्यांवर उभे राहावे, प्रथम दोन पायांवर, मग एका.

शेवटी तोल. सकाळी दात घासताना दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहावे. तीस आकडे मोजेपर्यंत जमले की डोळे मिटून. तेही जमले की घडी घातलेल्या गोधडीवर. गोधडीवर डोळे मिटून उभे राहिलेला माणूस प्रथम चक्क झाडासारखा हलतो, घरातील मुले हसतात. हसू द्यावीत; पण पडलो तर धरता येईल अशी भिंत जवळ असावी. सुताराकडून दीड फुटाची गोल फळी घेऊन तिच्या मध्यावर खालून अर्धा लाकडी गोळा बसविला, की फ्रीमनच्या काळापासून चालत आलेले साधन तयार होते. हा सराव निदान सहा आठवडे, आणि खेळणाऱ्यांनी त्याहूनही पुष्कळ अधिक काळ करावा. अस्थिबंधाच्या तंतूंस पूर्ण बळ येण्यास कित्येक महिने लागतात, ही गोष्ट वेदना थांबल्यावर कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत होता. सोळाशे मीटरचे धावणे तो उत्तम धावे. भरतीस दोन महिने असताना कबड्डीत त्याचा पाय मुरगळला. त्या संध्याकाळी एका लग्नात त्याच्या वडिलांनी त्यास आमच्यासमोर आणले. मांडवात गर्दी होती, पंगत उठत होती, आम्ही उभ्याउभ्या घोटा दाबून पाहिला आणि म्हणालो, "हाड मोडलेले नाही, काळजी नको." एवढे बोलून आम्ही पानावर बसलो. पुढे त्यास कोणी प्लास्टर घातले. ते पाच आठवड्यांनी निघाले, आणि 'आता पळ' असे सांगण्यात आले. पोटरी वाळली होती, सांधा आखडला होता, तोल गेला होता. यांपैकी काहीच त्यास ठाऊक नव्हते. भरतीच्या दिवशी तिसऱ्या फेरीच्या वळणावर पाऊल पुन्हा वाकडे पडले. त्या वर्षी त्याची वयाची मर्यादा संपत होती.

आम्ही जे सांगितले ते खोटे नव्हते. हाड खरोखरच मोडलेले नव्हते. परंतु 'उद्या सकाळी घरी ये' हे चार शब्द आम्ही बोललो नाही. दोन महिने हातात होते. नीट व्यायाम झाला असता, धावण्याच्या अगोदर एका पायावर उड्या मारून, आठच्या आकड्यात पळून घोट्याची परीक्षा घेतली असती, दोरीने बांधावयाचा घोट्याचा पट्टा दिला असता, तर तो धावला असता असे आम्हांस वाटते. तो मुलगा आज एका दुकानात काम करतो, आणि भेटला की आम्हांस वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार घेणे आम्हांस जड जाते.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमचे मागणे आहे. वसतिगृहातील जी मुले-मुली भरतीची किंवा सामन्यांची तयारी करतात, त्यांच्यासाठी वसतिगृहात चार लवचिक पट्ट्या, दोन गोल फळ्या आणि दोन-तीन जुन्या ट्यूब ठेवाव्यात. महिन्यातून एका रविवारी आम्ही तेथे येऊ. मानधन नको, एस. टी. चे भाडेही नको. दुसरे असे की, मंडळाच्या शिष्यवृत्त्या वैद्यक आणि अभियांत्रिकी यांनाच जातात. त्यांतील एखादी भौतिकोपचार शिकणाऱ्या मुलीस द्यावी. मुलगीच का, असे कोणी विचारील. ज्या सासुरवाशिणी भारा डोक्यावर घेऊन लंगडत घरी येतात, त्या आमच्यासारख्या पुरुषापुढे घोटा उघडा करून दाखवण्यास आजही लाजतात. आमच्या स्वतःच्या थोरल्या वहिनींनी मुरगळलेला पाय आमच्यापासून नऊ वर्षे लपविला. धाकट्या दिराने, तो भौतिकोपचारज्ञ असला तरी, पायास हात लावावा हे त्यांस प्रशस्त वाटले नाही. शेवटी त्यांच्या सुनेस आम्ही व्यायाम शिकविले, तिने ते त्यांच्याकडून करविले, आणि आता त्या घाटाच्या पायऱ्या कोणाचा हात न धरता उतरतात.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिलेले आम्ही पाहिले आहे. पट्टी कशी बांधावी हे बोलून समजत नाही, हातांनीच शिकावे लागते. आम्ही सहा पट्ट्या आणल्या आहेत. भोजनानंतर मागच्या पडवीत बसू. ज्यांस शिकावयाचे असेल त्यांनी यावे, आणि भगिनींसाठी आमच्या वहिनींची सून तेथेच शेजारच्या खोलीत असेल.